सर्वानुमते

सहकारी संस्थेच्या सभेचे इतिवृत्त ज्यांनी कधी लिहिले आहे, त्यांना ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ हे शब्द हाताच्या किती सवयीचे होतात ते ठाऊक असेल. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा संचालक म्हणून मी ते सहा वर्षे लिहिले. व्यवस्थापकांचे अक्षर कोणालाच लागत नसे म्हणून वही माझ्याकडे आली, एवढेच. त्या वहीतली एक नोंद मला अजून सलते. या लेखाच्या मुळाशी ती आहे, पण तिच्याकडे शेवटी येतो. आधी वाचले ते मांडतो. मानसशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर एक जुने पुस्तक मिळाले, त्याने दुसऱ्याकडे धाडले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. पुढची काही वर्षे त्यातच गेली.

ते पहिले पुस्तक म्हणजे येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अर्विंग जॅनिस यांचे ‘व्हिक्टिम्स ऑफ ग्रुपथिंक’, १९७२ सालचे. हुशार, अनुभवी आणि एकमेकांविषयी आपुलकी असलेली माणसे एकत्र बसून मूर्खपणाचे निर्णय कसे घेतात, हा त्याचा विषय. शब्द जॅनिस यांनी घडवलेला नाही. विल्यम व्हाइट यांनी ‘फॉर्च्यून’ मासिकात १९५२ सालीच तो वापरला होता. पण आज तो जगभर चालतो तो जॅनिस यांच्यामुळे. त्यात ऑर्वेलच्या ‘१९८४’मधल्या घडीव शब्दांचा वास यावा असा त्यांचा हेतूच होता.

मराठीत त्याला काय म्हणावे? ‘समूहविचार’ म्हटले तर दहा जणांनी मिळून काही चांगले योजले असे वाटते. ‘झुंडविचार’ म्हटले तर हातात दगड घेतलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. मी या लेखात ‘गटविचार’ म्हणतो, तोही फारसा समाधानाने नव्हे. आपल्या बोलीत या परिसरातले शब्द थोडे नाहीत. होयबा आहे, नंदीबैल आहे, री ओढणे आहे. ‘मम म्हणणे’ तर अप्रतिम आहे: विधी भटजी करतात, यजमान नुसता मम म्हणतो आणि पुण्य त्याच्या खात्यावर जमा होते. पण या सगळ्या शब्दांत एक खोट आहे. ते एकेकट्या माणसाची टिंगल करतात. कणा नसलेला, लाचार, वरच्याचे तोंड बघून मान हलवणारा कोणीतरी त्यांच्या समोर असतो. जॅनिस ज्यांच्याविषयी लिहितात ते लाचार नाहीत. वरिष्ठाची भीती हे त्यांचे मुख्य दुखणे नाही. आपल्या माणसांत बेबनाव नको, हे आहे. आपलेपणातून येणाऱ्या आंधळेपणाला मराठीत शब्द नाही. आपलेपणावर आपला एवढा विश्वास आहे की त्याच्यावर असा आरोप करावा, असे भाषेला कधी वाटले नसावे.

जॅनिस यांचे गाजलेले उदाहरण ‘बे ऑफ पिग्ज’चे. एप्रिल १९६१मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने तयार केलेले सुमारे १४०० क्यूबन निर्वासित क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरवले गेले. कॅस्ट्रोची राजवट उलथवणे हा हेतू होता. तीन दिवसांत सगळे संपले. शंभराहून अधिक मेले, बाराशेच्या आसपास पकडले गेले. योजना किती पोकळ होती याची एकच खूण सांगतो. फसलेच तर डोंगरात पांगायचे, असे ठरले होते. पण उतरण्याची जागा आयत्या वेळी बदलली गेली. नव्या जागेपासून ते डोंगर सुमारे ८० मैल दूर आणि मधे दलदल. केनेडींच्या खोलीत बसलेल्या विद्वानांपैकी कोणी नकाशा उघडून हे मोजले नाही.

असे का झाले याचे उत्तर जॅनिस आठ लक्षणांत देतात. आपण हरणारच नाही ही समजूत, आपण नैतिक आहोत ही खात्री, शत्रू बावळट आहे ही कल्पना, मनातली शंका आपणच दाबणे, सगळे एकमताचे आहेत असा भास, आणि आणखी तीन. ही यादी व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांतून इतकी फिरवली गेली आहे की तिच्यावर मी अधिक शाई खर्च करत नाही.

मला अडले ते दुसरीकडे. जॅनिस यांना हा विषय सुचला तो त्यांच्या शाळकरी मुलीच्या निबंधामुळे. तिला मदत करताना त्यांनी आर्थर श्लेसिंजर यांचे केनेडींविषयीचे पुस्तक उघडले. श्लेसिंजर इतिहासकार होते, केनेडींचे सहायक होते आणि त्या बैठकांना हजर होते. आपण त्या खोलीत गप्प बसलो, याची टोचणी त्यांनी त्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिली आहे. म्हणजे गटविचाराची ही सगळी इमारत बऱ्याच अंशी एका पश्चात्तापी माणसाच्या कबुलीजबाबावर उभी आहे. कबुलीजबाब हा वाङ्मयप्रकार म्हणून वाचावा लागतो. पश्चात्ताप करणारा माणूस ‘मी बोललो असतो तर’ या वाक्याभोवती फिरत राहतो. त्याच्या गोष्टीत त्याचे मौन हेच केंद्र होते, कारण त्याच्या मनात तेच केंद्र असते. जॅनिस यांनी ते केंद्र तसेच उचलले आणि त्याचा सिद्धान्त केला: गट बिघडतो, कारण कोणी बोलत नाही.

पण कोणी बोलले नव्हते का? ४ एप्रिलच्या बैठकीत सिनेटर विल्यम फुलब्राइट सगळ्यांसमोर ठाम विरोधात बोलले. चेस्टर बोल्स, म्हणजे आपल्याकडे दोनदा राजदूत म्हणून राहिलेले तेच, यांनी परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांना लेखी विरोध कळवला होता. खुद्द श्लेसिंजर यांनी बैठकीत तोंड उघडले नसेल, पण अध्यक्षांना विरोधाची टिपणे दिली होती. त्यावर रॉबर्ट केनेडींनी त्यांना एका समारंभात बाजूला घेऊन सांगितले की आता निर्णय झाल्यासारखा आहे, ताणू नका. विरोध तोंडी झाला, लेखी झाला, भर सभेत झाला आणि खासगीतही झाला. मौन होते, पण ते जॅनिस यांच्या चित्रातल्याइतके गडद नव्हते. पुढे सरकारी कागद खुले झाल्यावर रॉडरिक क्रेमर यांनी १९९८मध्ये हेच प्रकरण पुन्हा तपासले. केनेडींचा निर्णय गटाच्या मानसशास्त्रापेक्षा त्यांच्या स्वतःच्या राजकीय हिशेबातून अधिक समजतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते बरेचसे पटते. तरी एक प्रश्न राहतोच. फुलब्राइट बोलले, सगळ्यांनी ऐकले, आणि काहीच हलले नाही. हे कसे होते?

याचे उत्तर मला क्यूबात नाही मिळाले. ते मिळाले १९८६च्या एका दूरध्वनी बैठकीत.

‘चॅलेंजर’ यान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सात जण गेले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट तितकी माहीत नाही. यानाला उचलणारी घन इंधनाची रॉकेटे ‘मॉर्टन थायोकोल’ ही कंपनी यूटा राज्यात बनवी. तिच्या भागांच्या सांध्यांत रबराची मोठी कडी बसवलेली असत. थंडीत रबर आखडते. फ्लोरिडात त्या रात्री पारा शून्याखाली जाणार होता. थायोकोलच्या अभियंत्यांनी नासाच्या लोकांना फोनवर सांगितले, सांध्याचे तापमान ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नका. ५३च का? कारण आदल्या वर्षीच्या जानेवारीतले सर्वांत थंड उड्डाण तेवढ्या तापमानाला झाले होते आणि त्या रॉकेटच्या सांध्यांत कड्यांपलीकडे काजळी सापडली होती. त्याच्याखालचा अनुभव कोणाला नव्हता.

म्हणजे या खोलीत मौन नव्हते. अभियंत्यांनी तेरा तक्ते फॅक्स केले. रॉजर बॉइजॉली यांनी सहा महिने आधीच कंपनीत लेखी इशारा दिला होता. नासाच्या बाजूने लॅरी मलॉय यांनी हरकत घेतली: उबदार हवेतल्या एका उड्डाणातही काजळी सापडली होती, मग थंडीचा आणि काजळीचा संबंध सिद्ध कुठे होतो? हरकत तर्काला धरून होती. थायोकोलने पाच मिनिटे मागितली, ती अर्धा तास लांबली. तिथे व्यवस्थापक जेरी मेसन यांनी, आता व्यवस्थापनाने निर्णय घ्यायला हवा, असे म्हटले आणि अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख बॉब लंड यांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालायला सांगितले. बॉइजॉली आणि आर्नी थॉम्प्सन उठून टेबलाशी गेले, छायाचित्रे दाखवली, आकृती काढून समजावले. समोरच्या चेहऱ्यांवर काही उमटेना तेव्हा ते जागेवर जाऊन बसले. चार व्यवस्थापकांनी आपापसांत मत घेतले. फोन पुन्हा जोडला गेला तेव्हा कंपनीची शिफारस ‘उडवा’ अशी झाली होती. कोणाला काही म्हणायचे आहे का, असे नासाकडून विचारले गेले. त्या वेळी मात्र कोणी बोलले नाही. गटविचाराची पुस्तके नेमका हा क्षण उचलतात. मला तो सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. निर्णय त्याच्या आधीच होऊन गेला होता.

तो कुठे झाला ते बॉइजॉलींनी चौकशी आयोगापुढच्या साक्षीत सांगितले. एरवीच्या आढाव्यात कंत्राटदाराला ‘उड्डाण सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावे लागे. शंका राहिली तर उड्डाण थांबे. त्या रात्री प्रश्न उलटा झाला. ते सुरक्षित नाही, हे अभियंत्यांनी सिद्ध करावे, असे झाले. आणि ते त्यांना करता येईना. त्यांच्याकडची आकडेवारी तोकडी होती आणि तिच्यात विसंगतीही होती. समाजशास्त्रज्ञ डायन व्हॉन यांनी १९९६च्या आपल्या मोठ्या ग्रंथात हे प्रामाणिकपणे मांडले आहे. त्यांच्या मते कोणी नियम मोडले नव्हते, कोणी खलनायक नव्हता. नासाच्या संस्कृतीत आकड्यांत बसणारी गोष्ट म्हणजेच युक्तिवाद, आणि मनाला वाटणारी गोष्ट म्हणजे काहीच नाही. अभियंत्यांना वाटत होते, पण आकड्यांत मांडता येत नव्हते. एडवर्ड टफ्टी यांनी पुढे त्या तेरा तक्त्यांवर टीका केली की तापमान आणि बिघाड हे एकाच आलेखात मांडले असते तर धोका दिसला असता. असेलही. पण टफ्टीही शेवटी त्याच खुर्चीत बसून तेच मागतात: अधिक चांगला पुरावा आणा.

विरोध ऐकला गेला आणि तरी काही हलले नाही, हे फुलब्राइटचे कोडे मला इथे सुटते. गट बिघडतो तेव्हा शंका घेणारा गप्पच बसतो असे नाही. तो बोलतो, लोक ऐकतातही, पण तोवर तराजू बदललेला असतो. निर्णयाच्या बाजूला पुरावा मागितला जात नाही, शंकेच्या बाजूला मागितला जातो. जॅनिस यांनी सुचवलेला एक उपाय म्हणजे एखाद्याला मुद्दाम विरोधाची बाजू मांडायला नेमावे. पण ती बाजू कोणत्या तराजूत तोलायची ते ठरवले नाही तर त्या नेमलेल्या माणसाची अवस्था बॉइजॉलींसारखीच होणार.

वाचकांना इथे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आठवेल. रेजिनाल्ड रोझ यांचे १९५४चे दूरचित्रवाणी नाटक, सिडनी ल्यूमेट यांचा १९५७चा चित्रपट आणि आपल्याकडे बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फ़ैसला’. अकरा जणांविरुद्ध एकटा उभा राहून सगळ्यांचे मत फिरवतो, अशी ही गोष्ट. गटविचारावर उतारा म्हणून प्रशिक्षणांत ती हमखास दाखवतात: पाहा, एक माणूस धैर्याने बोलला तर काय होते. मला ही समीक्षा वरवरची वाटते. त्या माणसाला धैर्य आहेच, पण त्याच्या हाताशी दोन नियम आहेत आणि ते त्याने केलेले नाहीत. पहिला, निकाल एकमताने लागला पाहिजे. तो हो म्हणेपर्यंत बाकीच्यांना घरी जाता येत नाही. दुसरा, आरोपी निर्दोष आहे हे त्याला सिद्ध करायचे नाही. ‘मला माहीत नाही, पण मला खात्री वाटत नाही’ एवढे म्हणायचा त्याला अधिकार आहे आणि कायद्याने तेवढे पुरते. हाच माणूस उचलून त्या रात्री यूटात बसवा. तिथे त्याला पहिल्या दहा मिनिटांत विचारले जाईल, सुरा दुसऱ्या कोणाचा होता हे तुमच्याकडे सिद्ध आहे का? आणि मत मोजताना त्याला वगळले जाईल. गंमत अशी की बासूदांचा चित्रपट आला तोवर आपल्या न्यायालयांतून ज्यूरी जवळजवळ गेलेली होती. आपण तो नाट्य म्हणून पाहिला, कायदा म्हणून नाही. नायक दिसला, त्याला उभे राहायला जागा देणारा नियम दिसला नाही.

आपली खरी ज्यूरी कशी होती ते नानावटी खटल्यात दिसते. १९५९मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदलातल्या कमांडर कावस नानावटींना ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवले. शहराचे वारे त्यांच्या बाजूने होते आणि ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने ते वाढवले होते. इथे एकमताची अट नव्हती, म्हणून नवव्या माणसासाठी आठांना थांबावे लागले नाही. पण कायद्यात दुसरी खिडकी होती. ज्यूरीचा निकाल विपरीत वाटला तर न्यायाधीशांना प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडता येई. न्यायाधीशांनी ते धाडले. उच्च न्यायालयाने १९६०मध्ये दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये ते कायम केले. खोलीत हरलेले मत खोलीबाहेर पुन्हा तोलले गेले. चॅलेंजरच्या वेळी अशी खिडकी नव्हती. थायोकोलच्या अभियंत्यांनी आधी ‘नको’ म्हटले होते ही गोष्ट अंतिम निर्णय घेणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत गेलीच नाही, असे चौकशी आयोगाला आढळले. वर गेली ती बदललेली शिफारस. सभा संपली आणि शंका तिथेच राहिली.

आता ती वही.

बेदाण्याचे शीतगृह उभारण्यासाठी एका ओळखीच्या माणसाने चाळीस लाखांचे कर्ज मागितले होते. आमच्या संस्थेच्या मानाने रक्कम मोठी. पण माणूस सगळ्यांच्या घरातला, कागद पुरे. संचालकांत एक निवृत्त तलाठी होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. विषय पुकारला तसे अण्णा म्हणाले, “मला हे कर्ज बरं वाटत नाही.” अध्यक्षांनी कारण विचारले. अण्णा म्हणाले, “दोनदा त्याच्याकडे गेलो. दोन्ही वेळा शीतगृहाचं विचारलं की दुसरंच बोलायला लागला. तारणाची जमीन आहे ती, तिच्यातही काहीतरी आहे असं वाटतं.” कोणी हसले नाही. कोणी दटावले नाही. आमच्यात तसे चालतच नसे. बोललो ते मी. “अण्णा, मूल्यांकन आहे, जामीनदार आहेत, उतारा आहे. यात नेमकं चूक काय ते दाखवा, आपण आत्ता थांबू.” हे म्हणताना आपण फार न्यायाने वागतो आहोत, असे मला वाटले होते. अण्णांना बोलायची पुरी संधी दिली होती. त्यांनी चश्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “दाखवता नाही यायचं.” तेवढ्यात चहा आला. मी लिहिले: चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. सूचक, अनुमोदक. अनुमोदक मीच.

खात्रीसाठी सांगतो, आम्ही कोणी त्या कर्जात पैसे खाल्ले नाहीत. खाल्ले असते तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. तीच जमीन आधी दुसरीकडे गहाण होती, हे दोन वर्षांनी कळले. उताऱ्यावर त्या बोजाची नोंद चढलेली नव्हती. कर्ज थकले, त्यामागे आणखी दोन मोठी थकली आणि एका दिवाळीत ठेवीदार मुदतीच्या पावत्या घेऊन दाराशी उभे राहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या पावत्या घ्यायला मीच सांगितले होते. आता आपण होतो तर तुम्हाला दिसले कसे नाही, असे एका बाईंनी मला बाजारात विचारले. त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

कलम ८८ खाली चौकशी लागली आणि सगळ्या संचालकांना नोटिसा आल्या. अण्णांनाही आली. वहीत त्यांच्या नावापुढे सही होती आणि वर माझ्या अक्षरात सर्वानुमते. मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे गेलो आणि सांगितले की साहेब, यांनी त्या सभेत हरकत घेतली होती, मी ती लिहिली नाही, चूक माझी आहे. अधिकारी सज्जन होते. त्यांनी नीट ऐकून घेतले. मग वही माझ्याकडे फिरवून त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “हरकत घेतली होती, याला काही पुरावा?”

अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, “चला, पाचची एसटी मिळेल.”